पाकिटाच्या मागं

मी आणि माझी बायको कमल, आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे सखारामचे आठ पासपोर्ट फोटो कापणं.

सकाळचे नऊ वाजले होते. जवळा बाजार या गावात आमचा फोटो स्टुडिओ आहे, दहा बाय बाराचा. हाताच्या पंज्याएवढ्या एका कागदावर आठ फोटो निघतात, त्याला आम्ही शीट म्हणतो. प्रिंटरमधून शीट मी काढायची, कापायची कमलनं. तिचा हात सरळ होता. माझी कात्री पहिल्यापासून वाकडी चालते. कापून झालं की ती फोटो पाकिटात घालायची आणि वर गिऱ्हाईकाचं नाव लिहायची. लिहायचं काम तिचं, कारण मी चौथी आणि ती सातवी.

चार फोटो कापले आणि तिचा हात थांबला.

"काहून थांबली?" मी म्हणलं. "सखाराम येईल आता. विम्याच्या फॉर्मला लावायचेत त्याला."

"अवो, थांबा की जरा."

"थांबा काय थांबा. गिऱ्हाईक थांबतंय का?"

ती हसली. उरलेले चार कापले, पाकिटात घातले, वर नाव लिहिलं. मग पाकीट उलटं करून मागं काहीतरी खरडलं. ही तिची जुनी खोड. गिऱ्हाईकाच्या वस्तूवर गिचमिड करू नये म्हणून मी कितींदा रागावलो होतो. तिचं उत्तर ठरलेलं, "मागं लिहिते. मागं कोण बघतं?"

सखाराम आला, पाकीट बंडीच्या खिशात घालून गेला. तिसऱ्या दिवशी दुपारी कमलच्या छातीत कळ आली. हिंगोलीला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दिवाळी होऊन आठ दिवस झाले होते.

चौदाव्या दिवशी मी दुकान उघडलं. लोक म्हणाले, इतकी काय घाई. घरात बसून काय करायचं होतं? दुकानात निदान माणूस येतो आणि "हसू का नको?" एवढं तरी विचारतो.

पुढं महिन्याभरानं खिल्लारे मॅडम आल्या. गावातल्या शाळेत मराठी शिकवतात. स्कॉलरशिपच्या फॉर्मसाठी लेकरांचे फोटो त्याच गोळा करतात, आणि ते फोटो आमच्याच पाकिटातून जातात. त्यांनी काउंटरवर सात रिकामी पाकिटं मांडली. सगळी उलटी.

"काका, हे कोण लिहितं?"

"लिहीत होती," मी म्हणलं.

 मॅडमनी एक पाकीट माझ्याकडं सरकवलं. मी चष्मा लावला आणि वाचलं. तिचं लिहिलेलं मी पहिल्यांदाच वाचत होतो, हेही सांगून टाकतो.

म्हशीच्या पाठीवर बगळा
म्हैस उठली
बगळा बसलेलाच

"मंग?" मी विचारलं. "पुढं काय झालं?"

"पुढं काही नाही. एवढंच. याला हायकू म्हणतात, काका. जपानकडून आलेला प्रकार. तीन ओळी. डोळ्यांना दिसलं तेवढं सांगायचं, बाकीचं वाचणाऱ्यावर सोडायचं."

"जपान? ही बाई नांदेडच्या पुढं गेली न्हाई कधी."

"कुठंतरी वाचलं असेल त्यांनी."

ते बराबर होतं. फ्रेमा बांधायला आम्ही रद्दी घेतो. ती रद्दी बांधायच्या आधी कमल वाचत बसायची आणि मी ओरडायचो. माझं ओरडणं आता सगळं आठवतं. तिनं काय वाचलं ते एकदाही विचारलं नाही.

मॅडमचं म्हणणं असं होतं, की शाळेच्या गॅदरिंगला एक बोर्ड करायचा. एकेक पाकीट आणि त्याच्या शेजारी तसाच एक फोटो. पोरांना बघायला शिकवायचं आहे, म्हणाल्या.

"फोटो तुम्ही काढाल?"

"चाळीस वर्षं काढून राहिलो," मी म्हणलं. "त्यात काय मोठं?"

पहिलं पाकीट घेतलं ते हे:

हळदीचं पान
वाकलं दवानं
पडलं न्हाई

आता आमच्या धंद्याची एक गोष्ट सांगतो. लग्नात हार घालायची वेळ माझ्याकडून हुकली, तर मी सरळ म्हणतो, "नवरदेव, हार काढा, परत घाला." ते परत घालतात. करवल्या परत अक्षता टाकतात. अल्बममध्ये कोणाला काही कळत नाही. चाळीस वर्षं मी लोकांना मान सरळ, हनुवटी वर, डोळे उघडे, असंच सांगत आलो. तेव्हा पानाला सांगायला काय तकलीफ?

सकाळची गिऱ्हाईकं उरकून साडेअकराला सखारामच्या हळदीच्या शेतात गेलो. दव कधीच उडालं होतं. ते मला ठाऊक होतं, म्हणून मी फवाऱ्याची बाटली नेली होती. गिऱ्हाईकाचे केस बसवायला स्टुडिओत ती असतेच. एक मोठं पान निवडलं, दोनचार फवारे मारले, वरून फ्लॅश मारला. फ्लॅश म्हणजे कॅमेऱ्यावरचा दिवा, समोरून उजेड फेकतो. दहा मिनिटांत काम झालं.

सखाराम पाणी द्यायला आला होता. मी त्याला कॅमेऱ्याच्या मागच्या काचेवर फोटो दाखवला.

"नाना, कोणतं औषध मारलं?" तो म्हणाला.

"पाणी हाय, बाबा. दव हाय ते."

"मंग करप्याचं औषध मारल्यावाणी काहून दिसून राहिलं?"

करपा म्हणजे हळदीच्या पानावर पडणारा रोग. मी म्हणलं, तू हळद बघ, फोटो मी बघतो. तो हसत निघून गेला. पण संध्याकाळी मॅडमनी फोटो हातात घेतला, डोळ्यांजवळ नेला आणि थेंबांवर बोट टेकवलं.

"काका, थेंब सगळे सारखेच आहेत. प्रत्येकात एक पांढरा ठिपका आहे."

"फ्लॅशचा हाय तो."

"आणि पान वाकलेलं नाही."

मी फोटो परत घेऊन बघितला. पान खरंच वाकलेलं नव्हतं.

"सोमवारी गॅदरिंग आहे," मॅडम म्हणाल्या. "आज मंगळवार. नाही जमलं तर राहू द्या. नेटवर दवाचे फोटो पुष्कळ मिळतात, तिथून घेईन."

त्या चांगल्या मनानंच बोलल्या. पण ते मला लागलं. नेटवरचं पान कोणत्या मुलखातलं, कोणाच्या कॅमेऱ्यातलं, काय ठाऊक. कमलच्या अक्षराशेजारी ते लटकणार. आणि तिचा नवरा कोण, तर गावातला फोटोग्राफर. त्या दिवशी मी जेवलो नाही.

बुधवारी सहाला उठून हळदीत गेलो. बाटली घरी ठेवली. थंडी चांगली होती, कानाला मफलर गुंडाळला. दव भरपूर होतं, पण वारा होता, पानं हलत होती आणि माझे हातही हलत होते. एक फोटो धड आला नाही.

सखाराम बांधावर आला. "नाना, आज औषध न्हाई आणलं?"

"गप रे."

तो माझ्या शेजारी बसला. थोड्या वेळानं म्हणाला, "वहिनी इथंच बसायच्या."

"कोण? कमल?"

"मंग? मेथी घ्यायला यायच्या ना सकाळी. मेथी घेऊन झाली की बसायच्या या दगडावर. मी म्हणायचो, वहिनी, नाना वाट बघत असतील. त्या म्हणायच्या, ओरडू द्या, त्यांचा आवाज इथवर येत न्हाई."

मला हसू आलं. बरोबर होतं तिचं. पावकिलो मेथीला तासभर काहून लागतो, म्हणून मी रोज ओरडत होतो. सखारामला मी पाकिटांचं सांगितलं. त्याच्या फोटोचं पाकीट असंल तर बघून ठेव म्हणलं. तो म्हणाला, कागदाच्या पेटीत असंल, बघतो.

गुरुवारी वारा पडला होता. मी त्याच दगडावर बसलो. फ्लॅश काढून पिशवीत टाकला. ऊन पानाच्या मागून येईल अशी जागा धरली. मागून उजेड आला की पान आतून पेटल्यासारखं दिसतं, एवढं मला धंद्यानं शिकवलं होतं. बाकीचं त्या सकाळी शिकलो.

हळदीचं पान केळीच्या पानासारखं असतं, लांब, मधून पन्हळ. रात्रभराचं दव त्या पन्हळीतून हळूहळू टोकाकडं येतं. टोकाला एक थेंब साचतो. थेंब जड झाला की पान वाकतं. अजून एक थेंब मागून येतो, पान अजून वाकतं. वाटतं, आता गेलं. मग थेंब सुटतो आणि पान झटकन वर येतं, मान उचलून बघितल्यासारखं. पुन्हा दुसरा थेंब निघतो.

मी या मुलखात सत्तर वर्षं काढली. हळद दारापुढून ट्रॅक्टरनं गेली, भाजीत पडली, अंगाला लागली. पान वाकताना कधी बघितलं नव्हतं. किती वेळ बघत बसलो ते कळलं नाही. कॅमेरा मांडीवरच होता. सखारामनं आवाज दिला, "नाना, फोटो काढायला आलते न्हवं?" तेव्हा उचलला. एकच काढला. तो आला.

मग बाकीचे जमत गेले. तळ्याच्या कडेला दोन दिवस सकाळी बसलो, तेव्हा म्हैस उठली, आणि बगळा खरोखरच बसून राहिला. तिनं खोटं काही लिहिलं नव्हतं. विजेच्या तारेवरचा कोतवाल मिळाला, लांब शेपटीचा काळा पक्षी. मी कोणालाच परत बस म्हणलं नाही. बगळ्याला म्हणून उपयोगही नव्हता. दुकान दहाला उघडायला लागलो. एकदोन गिऱ्हाईकं दुसरीकडं गेली. जाऊ दे म्हणलं.

रविवारी संध्याकाळी मॅडम सात प्रिंट न्यायला आल्या. हळदीचा फोटो त्यांनी उजेडात धरला आणि म्हणाल्या, "काका, हा काकूंनी काढल्यासारखा वाटतो." मला यापेक्षा मोठी शाबासकी धंद्यात मिळालेली नाही.

त्यांनी काउंटरवर बोर्डाची मांडणी करून बघितली. वर चार, खाली तीन. एक जागा रिकामी राहिली. तेवढ्यात सखाराम दारात आला.

"नाना, घ्या. सापडलं. दोन फोटो उरलेत माझे, ते मी घेतो."

शेवटचं पाकीट. मी ते उलटं केलं.

कात्री थांबली
उन्हात धूळ
नाचून राहिली

मॅडमनी वाचलं, सखारामनं मॅडमकडून वाचून घेतलं. "हे कुठलं?" त्यानं विचारलं.

"हितलंच," मी म्हणलं. "या स्टुलावरचं. तुझे फोटो कापतानाचं."

"आणि तुमी काय करत होते?"

"ओरडत होतो."

मॅडम म्हणाल्या, उद्या अकराला कार्यक्रम आहे, हे पाकीट नुसतंच लावू, फोटो नसला तरी चालेल. मी म्हणलं, साडेनऊपर्यंत थांबा.

सोमवारी आठलाच दुकान उघडलं. शटर अर्धंच वर केलं, त्या दिवशी होतं तेवढं. आतला दिवा लावला नाही. कमलच्या स्टुलासमोर तिची कात्री ठेवली आणि मी माझ्या जागी बसलो. नऊच्या सुमारास उन्हाचा पट्टा आत आला. दीड-दोन महिन्यांत सूर्य दक्षिणेला सरकतो, त्यामुळं पट्टा थोडा तिरपा होता, पण कात्रीपर्यंत पोचला. त्यात धूळ मात्र दिसेना.

मनात आलं, झाडू मारावा, धूळ उठंल. हात झाडूपर्यंत गेलाही. मग हळदीवर मारलेला फवारा आठवला आणि परत बसलो.

नऊ वाजून वीस मिनिटं झाली. बाहेरून सोयाबीनचा ट्रॅक्टर गेला. शटर थरथरलं, वरच्या फ्रेमा थरथरल्या, आणि पट्ट्यात धूळ उतरली. बारीक, सोन्यासारखी, वर जाणारी, खाली येणारी, कोणाच्या सांगण्याबिगर. मी आधी ती नीट बघून घेतली. मग फोटो काढला.

साडेनऊला मॅडम आल्या. प्रिंट अजून गरम होती. ती घेऊन त्या शाळेकडं गेल्या. जाताना म्हणाल्या, अकराला या. येतो म्हणलं.

चाळीस वर्षांच्या धंद्यात मी जे शिकलो ते सांगायला फार वेळ लागणार नाही. घाई गिऱ्हाईकाला असते, उजेडाला नसते. आणि पाकीट हातातून सोडायच्या आधी एकदा मागून बघावं.

मग मी झाडू घेतला आणि दुकान झाडलं.