काचेपलीकडून येणारा होकार

रेडिओ केंद्राचं पत्र आलं तेव्हा मी मागीलदारी भांडी घासत होते. राखेच्या हातांनीच ते उघडलं. आमच्या कॉलेजातल्या सरांनी माझं नाव कळवलं होतं. पंधरा मिनिटांची मुलाखत, विषय मच्छीमारांच्या वाडीतली पहिली पदवीधर मुलगी. शेवटी एक ओळ होती : मुद्दे लिहून आणावेत, मात्र कागदावरून वाचू नये. ती ओळ वाचली आणि मी पत्र परत पाकिटात घातलं.

भिण्याला कारण होतं. निकाल लागल्यावर वाडीने देवळासमोर माझा सत्कार केला होता. शाल दिली, नारळ दिला, आणि आता दोन शब्द बोल म्हणाले. मला एवढंच सांगायचं होतं की हे माझं एकटीचं नाही. बाबा समुद्रावर गेले, आई टोपली घेऊन बाजारात बसली, आणि त्यांनी मला घरी बसवलं नाही म्हणून मी शिकले. वाक्य पाठ होतं. पण उभी राहिले आणि घसा बंद झाला. मी नारळाची शेंडी उपटत राहिले. शेवटी कोणीतरी टाळ्या वाजवल्या, म्हणून सुटले. परतताना बाबांच्या होडीवरचे एकजण त्यांना म्हणाले, "चेडवाक शिकवलंस खरा, पण तोंडातसून एक शबुद भायर पडूक नाय." बाबा माझी शाल खांद्यावर टाकून पुढे चालत राहिले.

ते न बोललेलं वाक्य माझ्याकडे तसंच पडून होतं. रेडिओवर ते बोलता येणार होतं. पण तिथेही घसा बंद झाला तर? सत्काराला वाडीच होती. रेडिओ देवगडपर्यंत सगळीकडे ऐकू जातो.

"जमणार नाय म्हणून कळवूया," मी आईला म्हटलं.

"मी मासे इकताना माझो आवाज बंदरार ऐकाक जाता," आई म्हणाली, "आणि माझ्या पोटचा चेडू मुका कसा झाला गो?"

हे सगळं खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, चाललं होतं. बाबा आणि थोरले काका जाळं दुरुस्त करत बसले होते. थोरले काका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. आमच्या घराण्याचं गाऱ्हाणं तेच घालतात. नवी होडी पाण्यात लोटायची असो की कोणाचं लग्न, काका देवासमोर उभे राहून घरच्यांच्या वतीने बोलतात, आणि त्यांच्या प्रत्येक वाक्याला जमलेली माणसं एका आवाजात "व्हय म्हाराजा" म्हणतात. काकांना शाळा चौथीपर्यंतच. पण गाऱ्हाणं घालताना ते कधी अडलेले मी पाहिले नाहीत.

काकांनी हातातली सुई जाळ्यात खोचली. "हय उभी रव. मी रेडिओवालो. सांग बाय, तू खंय शिकलंस?"

"मी... आमच्या वाडीतल्या शाळेत..."

"व्हय म्हाराजा!" काका ओरडले. आई हसली. मलाही हसू आलं, आणि हसता हसता पुढचं वाक्य कसं कोण जाणे बाहेर पडलं. त्यावर आईचा होकार आला. तिसऱ्या वाक्याला बाबाही मान खाली घालून पुटपुटले, "व्हय म्हाराजा."

मग आठवडाभर रोज संध्याकाळी हेच. मी एक वाक्य बोलायचं, थांबायचं, होकार आला की श्वास घ्यायचा आणि पुढचं बोलायचं. आई-बाबांबद्दलचं वाक्य मात्र मी त्यांच्यासमोर कधी म्हटलं नाही. ते मनातच ठेवलं.

मुलाखतीच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर निघाले. लग्नातला पांढरा शर्ट घातलेला. कुडाळला एस.टी. बदलली. वाटेत दोन वेळा मी म्हटलं, "बाबा, परत जाऊया." त्यांनी दोन्ही वेळा खिडकीबाहेर बघितलं. "तिकीट काढलंय," एवढंच म्हणाले.

मुलाखतीची खोली थंडगार होती. जाड दरवाजा बंद झाल्यावर बाहेरचा एकही आवाज आत येईना. समुद्राशिवायची इतकी शांतता मी त्याआधी ऐकली नव्हती. समोर मुलाखत घेणाऱ्या बाई, मधे माईक. एका भिंतीला मोठी काच होती. काचेपलीकडे, आमचं बोलणं ऐकत, यंत्रावर एक गृहस्थ बसले होते आणि त्यांच्या मागे स्टुलावर बाबा.

लाल दिवा लागला. बाईंनी पहिला प्रश्न विचारला. मी एक वाक्य बोलले आणि थांबले.

काहीच आलं नाही.

बाई माझ्याकडे बघत होत्या. त्यांनी हाताने खूण केली, बोला. मी दुसरं वाक्य बोलले आणि पुन्हा थांबले. त्यांनी समोरचं बटण दाबून ध्वनिमुद्रण थांबवलं. "आठवत नाहीये का? पाणी हवंय?"

आठवत सगळं होतं. मी कशाची वाट बघतेय ते मला तेव्हा कळलं, आणि ते त्यांना सांगायची लाज वाटली. मी काचेकडे बघितलं. बाबांचे ओठ हलत होते. आवाज येत नव्हता, पण काय म्हणतायत ते दिसत होतं.

दिवा पुन्हा लागला. मी बोलत गेले. वाक्य संपलं की काचेकडे बघायचं, बाबांचे ओठ हलले की पुढचं वाक्य. बाईंना वाटलं असेल, मुलगी विचार करून बोलते.

असं करत मी त्या वाक्यापाशी आले. "बाबा समुद्रावर गेले, आई टोपली घेऊन बाजारात बसली, आणि त्यांनी मला घरी बसवलं नाही, म्हणून मी शिकले." बोलून मी काचेकडे बघितलं.

बाबांचे ओठ हलले नाहीत. ते खाली आपल्या चपलांकडे बघत होते.

मी थांबले. खूप वेळ थांबले असं वाटलं. बाईंचा हात पुन्हा बटणाकडे जायला लागला, आणि बाबांची मान काही वर येईना. मग मी कोणाच्याही होकाराशिवाय पुढचं वाक्य बोलले. आवाज कापत होता. त्याच्या पुढचंही बोलले.

कार्यक्रम लागला तेव्हा सगळी वाडी आमच्या खळ्यात जमली होती. मधल्या सगळ्या थांबण्याच्या जागा केंद्रवाल्यांनी कापल्या होत्या. रेडिओतली मुलगी न अडता, घाईघाईने बोलत होती. बाबांच्या होडीवरचे ते गृहस्थही मान डोलवत ऐकत होते. ते वाक्य आलं तेव्हा आईने पदर तोंडावर धरला. बाबा उठून जाळ्याकडे गेले.

कार्यक्रम संपल्यावर थोरले काका तेवढे नाराज होते.

"माका व्हय म्हाराजा म्हणूक एक जागा ठेवलंस नाय गो!"