डोण कोणी भरली

आधी एक सांगून ठेवते. मी भुताखेतांना भिणारी बाई नाही. आमच्या वाडीत पूर्वी व्हाळाकडे, म्हणजे ओढ्याकडे, दिवा फिरताना दिसला की देवचार आला म्हणून बायका दारं लावून घेत. मी एकदा कंदील घेऊन बघायला गेले, तर कुर्ल्या पकडायला बसलेले आमचे चुलतदीर निघाले, तोंडात विडी धरून. तेव्हापासून त्यांचं नाव 'देवचार' पडलं ते अजून आहे.

तेव्हा हे वाचून "आजी, तुम्हाला भास झाला असेल" असं कुणी कळवू नये. मला भास कसा होणार... मी तर काही पाहिलंच नाही. पाहिलं ते कॅमेऱ्याने, आणि खोटी पडले मी. माझा राग आहे तो त्याचा.

आमचं घर मालवण तालुक्यात, धामापूरचं तळं मागे टाकून डोंगराच्या अंगाला आत गेलं की लागतं. घरामागे चढावर काजूची बाग, बागेला जांभ्या दगडाचा गडगा, आणि गडग्याला एक बेडं, म्हणजे आडव्या वाशांचं फाटक. बेड्यापलीकडे देवाची राई. राईच्या तोंडाशी एक दगडाची डोण आहे, गुरांना पाणी प्यायला असते तसली, पण ही गुरांची नाही. शिमगा झाला की व्हाळ आटतो. तळं आहे, पण मधे डांबरी रस्ता आणि वाडीतले कुत्रे. म्हणून उन्हाळाभर आमच्या घरातल्या बाईने रोज सकाळी त्या डोणीत पाणी घालायचं, ही पद्धत. राखणदाराचं पाणी म्हणतात. पितात ते भेकर, सांबर, रानकोंबडे, कोण येईल ते.

सासूबाईंनी कळशी माझ्याकडे दिली तेव्हा दोनच नेम सांगितले. जाता-येता बोलायचं नाही. आणि पाणी ओतून फिरलं की बेड्यापर्यंत मागे वळून बघायचं नाही. मी नवी होते, विचारलं का म्हणून. म्हणाल्या, "पाणी दिलंस मां? मगे कोण पिता ता बघूचा नसता."

तीस वर्षं मी ते पाणी घातलं. भेकरं मला पाहून करवंदीच्या जाळीआड व्हायची, पण पळायची नाहीत. तेवढी ओळख.

दोन हजार नऊच्या उन्हाळ्यात माझ्या बहिणीचा मुलगा सुहास पुण्याहून आला. जंगली जनावरं मोजणाऱ्या कुठल्याशा संस्थेत तो नवाच लागला होता. सोबत डब्यासारखा एक कॅमेरा, हिरवट रंगाचा, पट्ट्याने झाडाला बांधायचा. समोरून जनावर गेलं की आपोआप फोटो निघतो, ना आवाज, ना उजेड. जनावराला कळतसुद्धा नाही म्हणे. मला कौतुक वाटलं, खोटं कशाला बोलू. चढाव चढून मीच त्याला डोण दाखवली आणि समोरचं ऐनाचं झाड दाखवलं बांधायला.

बांधून झाल्यावर हा म्हणतो, "मावशी, आता मी परत येईपर्यंत इकडे कुणी फिरकायचं नाही हं. माणसाचा वास आला तर हरणं बुजतात."

"आणि पाणी?"

"पाणी ती शोधतात त्यांचं त्यांचं."

मी म्हटलं, "अरे, तीस वर्सां माझोच वास घेतत ती. बुजायची असती तर माझ्या लग्नाच्या साली बुजली असती."

हसला. "मावशी, तेच तर. माणूस नसताना ती कशी वागतात ते मला बघायचंय. माझं पहिलंच काम आहे गं. बिघडलं तर मला परत कोण पाठवेल?"

पोराचं तोंड बघून मी विरघळले. शब्द दिला. डोणीकडे जाणार नाही म्हटलं. आणि मी शब्द दिला म्हणजे दिला, हे माझ्या माहेरी-सासरी कुणालाही विचारा.

पण देवाच्या जागेत काही करायचं तर गाऱ्हाणं घालायला लागतं. आमच्या ह्यांनी डोणीजवळ नारळ ठेवला, डोक्यावर टॉवेल घेतला आणि सुरू केलं, "बा देवा राखणदारा म्हाराजा, हो आमचो भाचो आज तुझ्या हद्दीत ह्यो कॅमेरो लावता हा, ता मान्य करून घे. आणि ही माझी घरवाली रोज तुझ्या डोणीत पाणी घालता, ता आता थोडे दिवस बंद रवतला. ती सेवा चुकाक देव नको, तुझी तू सांभाळून घे रे म्हाराजा."

आम्ही तिघांनी म्हटलं, "व्हय म्हाराजा." मी, सुहास, आणि शेजारची सुलू, जी नारळाचा प्रसाद असेल तिथे असतेच.

वाटेत मी ह्यांना म्हटलं, "असा काय सांगितलास तुमी? सेवा आमची, ती देवान कशी सांभाळूची?"

"बोलूची पद्धत असता गो ती," हे म्हणाले.

सुहास गेला. मी रोज सकाळी कळशी घासायची आणि पालथी घालून ठेवायची. मन लागत नव्हतं. दुपारी ऊन रणरणलं की डोण डोळ्यांपुढे यायची, तळाशी काजूचा पाचोळा पडलेली. तरी गेले नाही. त्यातच एक दिवस काजूची बी गोळा करताना कुजलेल्या बोंडूवरून, म्हणजे काजूच्या फळावरून, पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. कुडाळला नेऊन प्लास्टर घातलं, गुडघ्यापर्यंत. मग काय, ओटीवर खाट आणि पायाखाली गोधडी. स्वयंपाक सुलू करून जायची, तिखट घालताना हात सैल सोडून.

काजू संपत आले तेव्हा सुहास परत आला. कॅमेरा काढून आणला, लॅपटॉप उघडून ओटीवर बसला. मी खाटेवरून विचारतेय, "इली का रे भेकरा?" त्याने लॅपटॉप माझ्याकडे वळवला आणि मावशीबिवशी काही नाही, म्हणाला, "हे काय आहे?"

फोटोत डोण होती. काठापर्यंत भरलेली. एक बाई पाठमोरी वाकून कळशी ओतत होती, आणि तिच्यापासून हाताच्या अंतरावर, जाळीआड नाही, उघड्यावर, एक भेकर मान खाली घालून पीत होतं. पुढच्या फोटोत तीच बाई आणि दोन भेकरं. त्यापुढे बाई आणि सांबराची मादी, पिल्लासकट. असे कितीतरी. सगळे सकाळचे, माझ्या वेळेचे.

साडी वर खोचलेली, हिरवी, पिवळ्या काठाची. कळशी उजव्या कमरेवर. मी डावखुरी आहे, वाडीत उजव्या कमरेवर कळशी घेणारी मी एकटीच. पाठीचा बाक माझा. अंबाडाही माझा, तिरका. एकाही फोटोत तोंड नव्हतं.

"मावशी, तू शब्द दिला होतास," सुहास म्हणाला.

"मी जाऊक नाय रे."

"मग ही कोण?"

आता मला सांगा, याला मी काय उत्तर द्यायचं? मी ह्यांच्याकडे बघितलं. हे चष्मा लावून फोटो बघत होते. बघून म्हणाले, "दिसता तर तूच." तीस वर्षांचा संसार, आणि दिसता तर तूच.

मी पाय दाखवला. प्लास्टर काय मी हौसेने घातलं होतं? तर सुहास म्हणतो, पडायच्या आधी गेली असशील, कॅमेऱ्याची तारीख चुकलेली असू शकते. मी म्हटलं, बरं, तो फोटो काढ ज्यात जमीन ओली आहे. एका फोटोत लाल माती चिंब होती आणि डोणीमागच्या झाडाच्या खोडावरून पाणी ओघळत होतं. अवकाळी पाऊस त्या उन्हाळ्यात एकदाच पडला, वाडीची वीज गेली म्हणून सगळ्यांच्या लक्षात आहे, आणि तेव्हा मी ह्याच खाटेवर, पाय वर करून, ह्यांना अंगणातली बी आत घ्यायला ओरडत होते. सुलू साक्षीला होती.

यावर सुहास म्हणाला, "म्हणजे तू दुसऱ्या कुणाला तरी पाठवलंस."

सुलू तिथेच चहा घेऊन उभी होती. म्हणाली, "माका बघू नको बाबा. मी त्या राईत एकटी गेलंय तर माझो घोव दुसरा लगीन करीत."

तेवढ्यात माझं लक्ष साडीकडे गेलं. हिरवी, पिवळ्या काठाची. मी म्हटलं, "सुलू, माझ्या पायाखालची गोधडी काढ." तिने काढली. त्या साडीची मी थंडीतच गोधडी शिवली होती. काठ मधोमध, दोन पट्ट्यांत. गोधडी सुहासच्या मांडीवर टाकली आणि म्हटलं, "घे. आता सांग ही कोण नेसली ता."

त्याने गोधडी बघितली, फोटो बघितला. वाटलं, आता तरी म्हणेल, मावशी, चुकलं माझं. तर म्हणाला, "अशा साड्या मालवणच्या बाजारात ढिगाने मिळतात."

आणि कॅमेरा पिशवीत भरून गेला. जाताना एवढंच म्हणाला, "माझं काम गेलं, मावशी." चहासुद्धा प्याला नाही.

आठवड्याने बहिणीचा फोन. सख्खी बहीण, माझ्याहून धाकटी, जिला मी कडेवर घेऊन वाढवली. "ताई, पोराचं पहिलं काम होतं गं. जायचंच होतं तर शब्द कशाला दिलास?" मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "जाऊ दे. होतं कधीकधी, वयाने." मी फोन ठेवला. वयाने पाय मोडतो. जीभ मोडत नाही.

घरात हे तेवढे हळूहळू वळले. एक दिवस आपणच म्हणाले, "मी गाऱ्हाण्यात सांगितलंय ता त्याने मनार घेतलान वाटता." मी म्हटलं, राखणदार म्हणजे घोंगडी-काठीवाला बाप्या, असं आपण लहानपणापासून ऐकतो. त्याला पाणीच घालायचं तर स्वतःच्या रूपात घालावं. माझी फाडलेली साडी नेसून, माझा अंबाडा घालून, मला माझ्या माणसांत खोटी पाडून कशाला?

प्लास्टर काढलं तेव्हा पावसाळा तोंडावर आला होता. काठी टेकत चालायला लागले तशी एका सकाळी मी कळशी घेतली. हे म्हणाले, "आता कित्याक? पाऊस इलोच." मी ऐकलं नाही. डाव्या हातात काठी, उजव्या कमरेवर कळशी, अर्धं पाणी साडीवर. बेडं ओलांडून वर गेले.

डोण भरलेली होती. काठोकाठ. पाचोळ्याचं एक पान नाही तिच्यात.

मी उभी राहिले. राग आला, खरं सांगते, रडूही आलं. मग मनात म्हटलं, कुणी का भरेना, माझी कळशी मी घरी परत नेणार नाही. ओतली. पाणी काठावरून सांडून माझ्याच पायांवर आलं. आणि फिरले.

फिरले तर समोर, माझ्या आणि बेड्याच्या मधे, एक भेकर उभं. जाळीआड नाही. चार पावलांवर. इतक्या जवळ ते माझ्या कधी आलं नव्हतं. पण ते माझ्याकडे बघतच नव्हतं. माझ्या खांद्यावरून मागे, डोणीकडे बघत होतं, गाईचं वासरू पाणी घेऊन येणाऱ्या माणसाकडे बघतं तसं. मग माझ्या बाजूने, माझ्या काठीला जवळजवळ घासून, ते मागे चालत गेलं. आणि माझ्या पाठीमागे कळशीतून पाणी ओतल्याचा आवाज झाला.

माझी कळशी माझ्या कमरेवर होती. रिकामी.

मान वळवायची होती, एवढंच. सुहासला, बहिणीला, 'दिसता तर तूच' म्हणणाऱ्या ह्यांना, सगळ्यांना तोंडावर सांगता आलं असतं कोण ती. कॅमेरा तर त्या दीडशहाण्याने काढून नेलेला. होते ती मीच, दोन डोळ्यांची.

मी बेड्यापर्यंत सरळ चालत आले. बेडं लावलं आणि मग वळले. डोण दिसत होती, भेकर पीत होतं. दुसरं कुणी नव्हतं.

हे सांगितलं की सुलूसुद्धा चिडते. "बघलंस कित्याक नाय गो? नाव तरी साफ झाला असता." लोकांना कसं सांगू... मी शब्द मोडला असं ज्यांना वाटतं, त्यांना वाटू दे. तीस वर्षांचा एक शब्द मोडून त्यांच्यापुढे मी खरी ठरायची, हे मला जमणारं नव्हतं.

ती कोण होती, मला माहीत नाही. यंदाही शिमगा झाल्यापासून मी पाणी घालतेय. डोण रोज रिकामी असते, म्हणजे आता माझं काम माझ्याकडेच आहे. गोधडी अजून वापरात आहे. बहिणीचा फोन त्यानंतर अजून आलेला नाही.