शिकून राहिली

एखादीला नोकरी लागते शिक्षणामुळे, एखादीला वशिल्यामुळे. मला लागली ती व्याकरणामुळे. आणि आमच्या कोंढा गावचं व्याकरण अगदी बरोबर होतं बरं का. ते पुण्याकडच्या साहेबांना ठाऊक नव्हतं, एवढंच.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी मॅट्रिक होऊन घरी बसले होते. म्हणजे सडा, शेण, रोवणी, निंदण, कापणी सगळं करत होते. आमच्याकडे मुलीच्या बाबतीत त्यालाच घरी बसणं म्हणतात. अशात पवनीला ग्रामसेविकेची जागा निघाली. बाबा म्हणाले, "लागली त लागली. नाई त उन्हाळ्यात आंधळगावचे पाहुणे हायेतच." आंधळगावचे पाहुणे मला पाहून, पसंत करून, चिवडा संपवून गेले होते. मुलगा चांगला होता. फक्त त्यांच्याकडे सुना उंबऱ्याबाहेर कामाला जात नसत. मला ती नोकरी हवी होती.

मुलाखतीला मी आईची बरी साडी नेसून गेले. साहेब चांगले होते, चष्मा पुसत पुसत बोलत होते. गाव कोणतं, शिक्षण किती, विहिरीत औषध किती टाकतात, सगळं विचारून झालं. मग म्हणाले, "चार गावं फिरावी लागतील. सायकल येते का?"

सायकलीशी माझा संबंध एकदाच आला होता. शेजाऱ्यांची सायकल उन्हात होती, ती सावलीत ढकलताना मी पायावर पाडून घेतली होती. पण समोर आंधळगावचा उंबरा दिसायला लागला आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "शिकून राहिली, सर."

आता आमच्याकडे 'जेवून राहिली' म्हणजे ताट अजून पुढ्यात आहे. 'येऊन राहिलो' म्हणजे माणूस अजून वाटेत आहे, आणि बहुतेक वेळा तो निघालेलाही नसतो. 'शिकून राहिली' म्हणजे शिकते आहे. पण साहेबांच्या कानाला ऐकू आलं की बाई शिकून मोकळी झाली. "वा!" म्हणाले आणि त्यांनी कागदावर लिहिलं, 'येते'. उलटी अक्षरं वाचण्यात मी पटाईत. ते 'येते' मी स्पष्ट वाचलं आणि मुकाट्यानं नमस्कार करून बाहेर आले. खरं सांगायचं तर मी आमच्या अर्थानंही खोटंच बोलले होते.

महिन्याभरात कागद आला. नेमणूक झाली आहे, पंधरा दिवसांत सायकलीसह हजर व्हावे, सायकल चालवता येत नसल्यास नेमणूक रद्द समजावी. आईनं साखर वाटली. मी मोरीत जाऊन रडले.

तिथे मला शेजारची वहिनी सापडली. सापडली म्हणजे तिनं मला पकडलं. ती साकोलीकडची, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, लग्न होऊन चार वर्षं झालेली. साकोलीला मोठा रस्ता, त्यावर ट्रक, एसट्या. त्यामुळे आमच्या गल्लीत ती परदेशाहून आल्यासारखीच होती. मी मानलेली नणंद, म्हणून ती मला 'बाई, तुम्ही' म्हणायची, रिवाजाप्रमाणे.

"कायले रडता बाई?"

मी सगळं सांगितलं. तिनं पदर तोंडात कोंबला आणि इतकी हसली, इतकी हसली की तिला भिंत धरावी लागली. मग डोळे पुसून म्हणाली, "मंग त्यात काय हाय? सायकल आमच्या सपरीत उभीच हाय."

त्यांच्या ओसरीत होती खरी. तीच, जी माझ्या पायावर पडली होती. वहिनीच्या वडिलांनी लग्नात आंदण म्हणून दिलेली, काळी, दांड्याची, पुरुषांची सायकल. दादा, म्हणजे तिचा नवरा, ती दिवसभर धानगिरणीवर घेऊन जायचा. पहाटे मात्र ती रिकामी असायची.

"दादा काय म्हणंल?"

"माह्या बापानं देल्ली हाय. मी कोणाले पुसू?" वहिनी म्हणाली. हे वाक्य ती अर्थातच कुजबुजत म्हणाली, कारण तिच्या सासूबाई भिंतीपलीकडच्या अंगणात तांदूळ निवडत होत्या.

मग आमची शाळा सुरू झाली. पौषाची थंडी. बायका झाडं-झुडपं शोधत लोटा घेऊन निघतात ती वेळ. आम्हीही लोटा घेऊनच निघायचो. एका हातात लोटा, दुसऱ्या हातात हँडल. वाटेत कोणी भेटलंच तर काय सांगायचं हे ठरलं नव्हतं. लोट्यासोबत सायकल कशाला लागते याचं उत्तर आम्हाला शेवटपर्यंत सापडलं नाही.

तलावाची पाळ चांगली रुंद होती. एका बाजूला शिंगाड्यानं भरलेलं पाणी, दुसऱ्या बाजूला धान कापलेल्या शेताच्या बांध्या, त्यात लाखोळीचं हिरवं पीक. पाळीच्या टोकाला मारुती. मी त्याला नारळ कबूल केला, मग दुसऱ्या दिवशी दोन केले, तिसऱ्या दिवशी पाच. वहिनी असलं काही करायची नाही. ती पोळ्याच्या बैलासारखं सायकलीच्या हँडलला कुंकू लावायची, तिच्या घंटीवरून हात फिरवायची आणि म्हणायची, "चाल माय."

पहिल्या दिवशी तिनं माझ्या साडीचा काष्टा घातला, मला दगडावर उभं केलं आणि सीटवर बसवलं. "पायाकडे पाहू नोको. त्या मोहाच्या झाडाकडे पाह्य." मी झाडाकडे पाहिलं आणि सरळ लाखोळीत गेले. ती धावत आली. मी उताणी, माझ्यावर सायकल, तिचं मागचं चाक अजून फिरतंय.

"लागलं का वो तुले?"

तुला! त्या दिवसापासून ती मला 'तू' म्हणायला लागली. मला गुडघ्याचं काहीच वाटलं नाही. उलट वाटलं की आणखी एकदा पडावं.

ती हौस देवानं पुरेपूर भागवली. चौथ्या दिवशी मी दुसऱ्या बाजूला, म्हणजे शिंगाड्याच्या पाण्यात गेले. शिंगाड्याला काटे असतात आणि ते कुठेही टोचतात. डोंगीतून शिंगाडे काढायला आलेला एक म्हातारा ढिवर, म्हणजे आमच्याकडचा कोळी, पाण्यातून ओरडला, "शिंगाडे पाह्यजे होते त मांगाचे ना बाई! सायकल कायले आणली?" वहिनी पाळीवर बसून हसत होती, मी कंबरभर पाण्यात हसत होते, आणि म्हातारा सायकल ओढून काढत असताना त्याच्या डोंगीत पाणी शिरलं. जाताना त्यानं मला ओंजळभर शिंगाडे दिले आणि वर बजावलं, "उद्या येजो. पण तिकडून चालव."

त्या दिवशी मडगार्ड वाकलं. आता दादा विचारणार म्हणून आमचे धाबे दणाणले. दादानं काही विचारलं नाही. दुसऱ्या पहाटे पाहिलं तर मडगार्ड सरळ केलेलं, दोन्ही चाकांत टणक हवा भरलेली, आणि चेनमध्ये साडी जाऊ नये म्हणून पत्र्याचं झाकण तारेनं बांधलेलं. वहिनीनं त्या झाकणाकडे पाहिलं आणि लाजली. चार वर्षांच्या संसारात तिला लाजताना मी पहिल्यांदा पाहिलं.

माझा स्वतःवर काडीचा विश्वास नव्हता. पण वहिनीवर होता, कारण तिला येत होती. सायकल तिच्या माहेरची, गाव तिचं मोठ्या रस्त्यावरचं, आणि ती सांगायची किती बारीक बारीक! खांदे ढिल्ले सोड. डावीकडे झुकली का डावीकडेच वळव. भेव वाटलं का पायडल जोरात मार. कॅरिअर धरून ती माझ्यामागे पाळभर धावायची, धापा टाकत ओरडायची, "जमलं वो, जमलं, जमलंच समज!" आणि मी समजायचे. दहाव्या दिवशी मी मोहाच्या झाडापर्यंत गेले आणि तिचा आवाज खूप मागून आला. कॅरिअर तिनं कधीच सोडलेलं होतं. मी किंचाळले. आनंदानं किंचाळले, पण पाळीवरचे बगळे उडून गेले.

एकच गोष्ट राहिली होती. मला चढता येत होतं, दगड असेल तर. चालवता येत होतं, रस्ता असेल तर. उतरता मात्र येत नव्हतं. मी थांबायचे ती तणसाच्या ढिगात घुसून. रोज तोच ढीग, रोज डोक्यात धानाचा पेंढा. उरलेले दिवस फक्त उतरण्याचा अभ्यास केला आणि तेवढ्यात त्या ढिगाला खिंडार पडलं.

शेवटी पंधरावा दिवस आला. सायकल एसटीच्या टपावर चढवायला दादाच आला. आपल्या आईला म्हणाला, "चेन ढिल्ली हाय, पवनीले दुरुस्तीले धाडतो," आणि स्वतः पायी गिरणीवर गेला. वहिनीची त्याच दिवशी अचानक दाढ दुखायला लागली, म्हणून तिलाही पवनीच्या डॉक्टरकडे जाणं भाग पडलं. दाढ दुखणाऱ्या बाईनं एसटीत अर्धा किलो शेंगदाणे खाल्ले.

स्टँडपासून कचेरीपर्यंत मी सायकल ढकलत नेली. फाटकाजवळ एक दगड होता. त्यावर उभी राहून मी चढले आणि कचेरीच्या आवारात शिरले. साहेब व्हरांड्यातच उभे होते. "वा, वा!" म्हणाले. मी कडुनिंबाला एक फेरी मारली. साहेबांनी मान डोलावली. मी दुसरी फेरी मारली. साहेबांनी पुन्हा मान डोलावली. तिसऱ्या फेरीला शिपाई, कारकून, दाखला घ्यायला आलेली माणसं, सगळी बाहेर आली. आवारात ना तणस ना ढीग.

"पाहिली हो, छान येते! उतरा आता."

"उतरून राहिली, सर!" मी ओरडले आणि चौथी फेरी सुरू केली.

साहेब चष्मा काढून पाहत राहिले. मी पाचवी फेरी मारली तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला, तो मला जाता जाता दिसला. तेवढ्यात फाटकातून वहिनी धावत आली. डोक्यावरचा पदर खाली, सगळ्या पुरुषांसमोर. तिनं कॅरिअर पकडलं, टाचा रोवल्या, आणि मी, ती, सायकल असे एकदम कडुनिंबाला टेकलो.

"त्या दिवशी," साहेब पायऱ्या उतरत म्हणाले, "तुम्हाला सायकल येत नव्हती तर."

हातात त्यांच्या तोच कागद होता आणि खिशाला पेन. वाटलं, आता खोडतील. आता आंधळगाव. खोटं बोलायला काही शिल्लकच नव्हतं. "नाही सर," मी म्हणाले. "बिलकूल नव्हती."

त्यांनी माझ्या कोपरांवरच्या खपल्या पाहिल्या. मग म्हणाले, "आज तर येते ना? उतरायचंही शिकून राहा." बिचारे आमच्या बोलीत बोलायला गेले आणि चुकले. पण पेन त्यांनी खिशातून काढलं ते माझी सही घेण्यासाठी.

मी सही केली आणि शिकवणारी कोण तेही सांगितलं. साहेब वहिनीला म्हणाले, "पंधरा दिवसांत शिकवलंत? तुम्ही तर चांगलीच चालवत असाल."

वहिनी पदर सावरून खाली पाहत म्हणाली, "मले कुठी येते सर? मी तिच्यावर कईच बसली नाई."

येताना फाट्यावर उतरून आम्ही गावाकडे पायी निघालो, मधे सायकल. दुपार होती, रस्ता रिकामा. नोकरी लागल्याचा आनंद खरं तर गगनात मावायला नको होता, पण माझ्या डोक्यात एकच घोळत होतं. मी थांबले.

"तुले येतच नव्हती, त मले सांगत कशी होती? खांदे सोड, डावीकडे वळव..."

"तुहा दादा जाते नं रोज. मी दारातून पाह्यते. चार वर्षं झाली." ती हसत नव्हती. "बापानं देल्ली तवापासून मले वाटे का बाईमाणूस तिच्यावर बसून गेलं त मागून कसं दिसत असंल. सासरी मले कोण बसू देते? तू सांगितलं आणि मी म्हणलं, चाला, पाहून त होते."

पंधरा दिवस मी तिच्या येण्यावर विसंबून होते, आणि तिच्याजवळ फक्त हौस होती. तीही तिनं मला देऊन टाकली होती.

"मंग?" मी विचारलं. "कसं दिसते?"

"मस्त दिसते वो," ती म्हणाली. "लय मस्त."

रस्त्याच्या कडेला मैलाचा दगड होता. मी सायकल त्याला लावून उभी केली, दोन्ही हातांनी कॅरिअर घट्ट धरलं आणि म्हटलं, "बस."

वहिनीनं रस्त्यावर दोन्हीकडे पाहिलं, पदर कमरेला खोचला आणि बसली.