हललेला फोटो

बाबांना जाऊन अकरा महिने झाले होते. वर्षश्राद्धाच्या आधी भिंतीवर लावायला आईला एकच फोटो हवा होता, आणि तो नेमका हललेला. तो मीच काढला होता, निवृत्तांच्या दवाखान्याच्या कार्डासाठी. बाबांच्या हातांना कंप होता, मला ऑफिसची बस गाठायची होती, आणि मी खेकसले होते, "बाबा, हलू नका ना!"

"मी हललो नाही गं," ते म्हणाले. मी फोटो चेहऱ्यापुरता कापला, आईला पाठवला आणि पळाले. कार्डाचं मग राहूनच गेलं.

"दुसरे इतके चांगले फोटो आहेत," मी आईला म्हटलं.

"यात ते माझ्याकडे बघतायत. मी तुझ्या मागे उभी होते. तुझं हेच काम ना? मग स्वल्प बघ की."

बेंगळुरूत उभा जन्म काढलेल्या माझ्या आईचं 'थोडंसं बघ' म्हणजे आजच्या आज कर.

काम माझं हेच, खरं आहे. बेळ्ळंदूरच्या ऑफिसात बसून मी पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यांसाठी, पट्ट्यावरून पळणाऱ्या सुट्या भागांचे पुसट फोटो स्पष्ट करते. मूळ चित्र माहीत नसतं, आणि ते कसं हललं तेही. एकाचा अंदाज धरायचा, त्यावरून दुसरा सुधारायचा, मग दुसऱ्यावरून पुन्हा पहिला. संगणक हे शेकडो वेळा न कंटाळता करतो. मीही ते वर्ष तसंच काढलं होतं. बस, काम, जेवण, झोप. रडू येत नव्हतं, आणि येत नाही याचंही काही वाटत नव्हतं.

रविवारी दुपारी जेवणाच्या टेबलावरच लॅपटॉप उघडला आणि कापलेला चेहरा गणिताला दिला. बऱ्याच फेऱ्यांनंतर बाबांना दोन नाकं आली. ऑफिसात कुणी असा नुसता तुकडा घेऊन बसलं असतं, तर मी त्याला फैलावर घेतलं असतं. अख्खा फोटो घ्यायचा असतो, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. पण हलले ते बाबाच, हे मी धरूनच चालले होते. मग बाकीच्या फोटोत बघायचं काय?

शेवटी फोनमधला मूळ फोटो काढला. बाबांच्या मागच्या भिंतीवर दिव्यांच्या बटणांची पाटी होती. तीही पुसट. चेहरा कसा हलला ते वेगळं काढलं, पाटी कशी हलली ते वेगळं. दोन्ही वेळा पडद्यावर हलण्याचा माग म्हणून तीच आली, हुकासारखी वळलेली बारीक रेघ. भिंत काही हलत नाही. हलला होता माझा हात.

मी थंडपणे अख्खा फोटो गणिताला दिला. चाळिसाव्या फेरीला चेहरा स्पष्ट झाला. बाबा माझ्या खांद्यावरून आईकडे बघत होते. खाली नुसती मनगटं दिसत होती. दोन्ही पंजे मांड्यांखाली दाबून ते बसले होते.

आई चष्मा लावून आली. "सरी, बरोबर, हाच," म्हणाली. मग मनगटांवर बोट ठेवलं. "तू फोन काढायच्या आधीपासून असे बसले होते. तू ओरडू नयेस म्हणून."

"आई, ते हलले नव्हते. मी हलले."

"त्यांनी सांगितलं होतं की तुला."

"मग तू का नाही बोललीस?"

"तुझी बस चुकली असती."