कृत्तिकांसाठी दोन शनिवार

माझ्या आत्याचा घड्याळावर विश्वास नव्हता, कृत्तिकांवर होता. बार्शीटाकळीजवळच्या आमच्या गावात ती एकटीच शेती बघायची. विहीर दोन घरांत मिळून होती, त्यामुळे गव्हाला पाणी द्यायच्या पाळ्या ठरलेल्या, आणि कृत्तिका माथ्यावर आल्या की पाळी बदलायची. त्या आल्या की नाही हे आत्यानं सांगायचं आणि शेजाऱ्यानं मुकाट्यानं मोट सोडायची, असा वर्षानुवर्षांचा रिवाज. पुढं तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला. आधी कृत्तिकांच्या झुपक्यातल्या चांदण्या एकमेकींत मिसळल्या, मग झुपकाच दिसेनासा झाला.

मी तेव्हा अमरावतीला मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते. ऑपरेशनचा हट्ट माझाच. दोन हिवाळे तिनं "कापूस वेचून होऊ दे" म्हणत काढले आणि शेवटी तयार झाली तीही अट घालून.

"एकच डोया करू दे. त्यानं कृतिका मोजता आल्या तं दुसरा. नाई आल्या, तं तुह्या डॉक्टरले दुसऱ्याले हात लावू देत नाई."

"आत्या, तो डॉक्टर माझा कसा?"

"मंग आनला कोनं?"

आत्यानं एकदा म्हटलं की म्हटलं. एका डोळ्यावर ती उरलेलं आयुष्य काढील, पण शब्द फिरवणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पौषात अकोल्याला ऑपरेशन झालं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून आठवडाभर उताणी झोपली, आणि मान न हलवता अख्ख्या वॉर्डला दटावत राहिली. होळीच्या सुमारास चष्मा आला. काचा चांगल्या जाडजूड. त्यातून भाकरी परातीएवढी दिसायची, पेला धरायला गेलेला हात दोन बोटं अलीकडंच थांबायचा, आणि दोष पेल्याला लागायचा.

मी पंचांग घेऊन बसले. पौर्णिमेच्या आसपास चांदण्यात कृत्तिका फिक्या पडतात. रंगपंचमीपासून चंद्र उशिरा उगवणार, म्हणजे संध्याकाळ अंधारी. पाडव्यानंतर चंद्र पुन्हा संध्याकाळी हजर. तो हटेपर्यंत कृत्तिका पश्चिमेला इतक्या खाली गेलेल्या असणार, की मावळतीच्या उजेडात सापडायच्या नाहीत. मग थेट दिवाळीनंतर, आणि तोवर आत्याचं मन कुठं जाईल कोण जाणे! शनिवारी आमची शाळा सकाळची, आणि सोमवारच्या शाळेसाठी रविवारी दुपारीच परत निघावं लागायचं. रंगपंचमी ते पाडवा या दिवसांत असे दोनच शनिवार येत होते. अमरावतीहून बडनेरा, तिथून गाडीनं अकोला, मग बस, शेवटी बैलगाडी, आणि साडेसातला आकाशाकडे बघायला सुरुवात. शाळेच्या तपासणीसाठीही मी इतकं नेटकं टाचण काढलं नव्हतं.

पहिल्या शनिवारी गावात शिरले तर पश्चिमेला धूर. शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भलामोठा ढीग पेटलेला, आणि कमरेवर हात ठेवून समोर आत्या उभी.

"चश्म्यातून पायलं तं काय कचरा बाप्पा! इतक्या दिवसांत मले कोनी सांगतलंच नाई."

"अगं, पण आजच कावून पेटवलं?"

"आजच दिसला."

वारा पडलेला. रात्र झाली तरी त्या बाजूला एक चांदणी दिसेना. मी इतकी चिडले, की जेवताना तिच्याशी बोलले नाही. तिनं निमूटपणे माझ्या पानात वांग्याची भाजी दोनदा वाढली.

मधला आठवडा वाईट गेला. बुधवारी अमरावतीत आभाळ भरून आलं आणि त्याचा राग मी नकाशे चुकवणाऱ्या मुलींवर काढला. शनिवारी बसमधून उतरले तेव्हा मात्र आभाळ स्वच्छ होतं. माझा जीव भांड्यात पडला.

अंगणात बाज टाकली, कंदील आत ठेवला. जाड काचेच्या कडेनं सगळं वाकडं दिसतं, म्हणून डोळा न फिरवता मान फिरवायची, असं मी तिला बजावलं. कृत्तिका सहा, हे तिला तोंडपाठ होतं. नुसत्या आकड्यावर माझा विश्वास बसणार नव्हता. मी सूप आणि मूठभर ज्वारी तिच्याजवळ ठेवली. जी चांदणी जिथं दिसेल, तिथं दाणा ठेव म्हटलं.

तिनं मान हळूहळू पश्चिमेकडं वळवली.

"अवं पोरी, ह्या तं निळ्या हायेत!"

मोतीबिंदूनं कित्येक वर्षं तिचं सगळं जग पिवळट करून ठेवलं होतं, हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. ती वर बघायची, सूप चाचपून एक दाणा ठेवायची, पुन्हा वर बघायची. सहा दाणे झाले. मी सूप न हलवता कंदिलाजवळ नेलं आणि पुस्तकातली आकृती शेजारी धरली. तोच आकार! मी आतूनच ओरडले.

"वरडू नको. आता तू मांड," बाजेवरून हुकूम आला. "पुस्तक तिथंच ठेव."

मी सूप घेऊन बाहेर आले आणि वर पाहिलं. तिथी, वेळ, दिशा सगळं मी काढलं होतं, पण त्या हिवाळ्यात मी स्वतः एकदाही कृत्तिकांकडे नीट बघितलं नव्हतं. मला पश्चिमेला अर्धवट पुसलेल्या खडूचा डाग दिसला. डोळे बारीक केले, तरी डागच. लहानपणी याच अंगणात मी सहा मोजल्या होत्या. शेवटी चिमूटभर ज्वारी एकाच जागी ठेवली आणि सूप तिच्यापुढं केलं. तिनं बोटांनी चाचपलं आणि बाज करकरेपर्यंत हसली.

"अन् हे बाई पोरींले भूगोल शिकवते! सोमवारची सुट्टी काढ. अकोल्याले जाऊ. माह्या दुसऱ्या डोयाचं विचारू, अन् तुहे दोन्ही दाखवू."

"म्हणजे दुसरा करायचा ना?"

"करू म्हटलं ना. आता बोलू नको, मले पाहू दे."

मला इतका आनंद झाला, की डोळे भरून आले आणि होता तो डागही दिसेनासा झाला. मी तिच्या बाजेच्या कडेला बसले आणि म्हटलं, "आत्या, कोणती कुठं आहे ते मला सांग." तिनं माझं बोट धरलं आणि एकेक करून सहाही सांगितल्या.