चक्क्याचं कापड

काल संत्र्याच्या चीजकेकसाठी चक्का टांगला आणि त्या आंबूस वासानं मला लातूरच्या आमच्या खोलीत नेलं. आई तेव्हा लोकांची धुणीभांडी करायची. एका पाडव्याला तिनं श्रीखंडासाठी असाच चक्का टांगला होता. तिच्या कामावरच्या मालकीणबाई लेकीसोबत दारात आल्या. टपटपणारं गाठोडं बघून लेक ओरडली, "मम्मी, ही तर तुझी साडी!" बाई हसल्या, "जुनी झाली म्हणून हिला दिली होती." ‘श्रीखंड खायला या’ हे आईच्या ओठांवरच राहिलं. मला मान वर करवेना. आठवलं की अजून कान तापतात.

मी घरातली पहिली पदवीधर झाले, नांदेडला नोकरीला लागले, आईलाही इथंच घेऊन आले. आज गार झालेल्या केकवर संत्र्याच्या फोडी मांडत होते, तर आईनं वाळत घातलेलं कापड चाचपलं. "कुणाचं गं हे?"

"आपलंच हाय, आई. कोरं आणलंय."

तिनं दारातून शेजारणींना हाक मारली, "केक खायला या गं समद्या!"