कारण सविस्तर लिहावे

मी कॉलेजच्या ऑफिसात कनिष्ठ लिपिक म्हणून रुजू झाले तेव्हा आमच्याकडे बोनाफाईड दाखला हातानं लिहिला जायचा. नगर जिल्ह्याच्या दक्षिणेकडचं तालुक्याचं गाव, आजूबाजूच्या वाड्यावस्त्यांवरून एसटीनं येणारी मुलंमुली आणि त्या सगळ्यांना वर्षातून चार वेळा लागणारा हा एक कागद. हा विद्यार्थी आमच्याच कॉलेजात शिकतो, याहून जास्त तो काही सांगत नाही. पण एसटीचा पास, बँकेचं खातं, स्कॉलरशिप, वसतिगृह, सगळीकडे तो लागतो.

तो लिहिण्याचं काम आमच्या हेडक्लार्कांकडे होतं. त्यांना सगळे भाऊसाहेब म्हणत, प्राचार्यसुद्धा. भाऊसाहेबांचं अक्षर छापल्यासारखं होतं. खिडकीशी आलेल्या मुलाला ते विचारत, "कशाला पाहिजे?" मग पोरगं सांगत बसे. मामाच्या गावाला राहतो, पास संपला, कंडक्टर रोज उतरवतो, आई म्हणते कॉलेज सोड. भाऊसाहेब सगळं ऐकून घेत, मान हलवत आणि कागदावर लिहीत, 'शैक्षणिक कामासाठी'. पुढच्या मुलीलाही तेच विचारत, तिचंही तसंच ऐकून घेत आणि पुन्हा लिहीत, 'शैक्षणिक कामासाठी'. मी तेव्हा नवी होते. शेवटी तेच लिहायचं तर एवढं विचारायचं कशाला, असं मला वाटायचं. बाहेर रांग वाढत असायची आणि हे एकेकाचं घरचं ऐकत बसलेले.

मग कॉलेजच्या तपासणीला समिती येणार असं पत्र आलं आणि प्राचार्यांनी ठरवलं की आपलं ऑफिस पेपरलेस झालं पाहिजे. वेबसाईटवर बोनाफाईडसाठी फॉर्म टाकला. विद्यार्थ्यानं मोबाईलवरून तो भरला की त्यातली माहिती ऑफिसच्या ईमेलवर येई. ईमेल वाचायचं काम माझ्याकडे आलं. मी ईमेल उघडायची, त्यातलं नाव बघून शेजारच्या वर्डच्या फाईलमध्ये टाईप करायची, मग वर्ग, मग हजेरी क्रमांक, मग प्रिंट. त्यानंतर ईमेलचीही प्रिंट काढायची, कारण प्राचार्यांचं म्हणणं असं, "ऑनलाईन अर्ज आला होता याचा पुरावा फाईलला लागला पाहिजे. समिती विचारेल." म्हणजे आधी एका दाखल्याला एक कागद लागायचा, पेपरलेस झाल्यावर दोन लागायला लागले.

रोज तीस-चाळीस ईमेल येत. माझ्या हातून चुका व्हायला लागल्या. एका मुलाला मी दुसऱ्याच्या वडिलांचं नाव लावलं. एका मुलीला सरळ 'श्री.' केलं. ती मुलगी परत आली तेव्हा भाऊसाहेब हसले नाहीत, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मला ते लागलं.

दिवाळीच्या सुट्टीत मी व्हिडिओ बघून बघून स्क्रिप्ट लिहायला शिकले. फार मोठी गोष्ट नव्हती. स्क्रिप्ट म्हणजे कॉम्प्युटरला एकदाच लिहून दिलेल्या सूचना. ईमेलमध्ये 'नाव' या शब्दापुढे जे असेल ते उचल, दाखल्याच्या नमुन्यात नावाची जी मोकळी जागा आहे तिथे ठेव. 'वर्ग' पुढचं वर्गाच्या जागी ठेव. 'कारण' पुढचं कारणाच्या जागी. मग सगळे दाखले एका फाईलमध्ये ओळीनं लाव, म्हणजे एकदम प्रिंट काढता येईल. आठ दिवस माझी नावं वर्गाच्या जागी जात होती आणि वर्ग नावाच्या जागी. नवव्या दिवशी जमलं. मी घरात एकटीच टाळ्या वाजवल्या.

त्याच वेळी फॉर्मही जरा नीट करू म्हणून मी त्यातल्या 'कारण' या रकान्यापुढे कंसात एक सूचना घातली, 'सविस्तर लिहावे'. आणि त्याला लाल चांदणी दिली, म्हणजे रकाना रिकामा ठेवून कुणाला फॉर्म पाठवता येणार नाही. मला वाटलं, आता कसं शिस्तीत झालं.

सुट्टीनंतर मी प्राचार्यांना दाखवलं. बटण दाबलं आणि प्रिंटरमधून सत्तावीस दाखले एकामागून एक बाहेर आले. प्राचार्य उभे राहून बघत होते. "म्हणजे आता कुणी वाचायची गरज नाही?" त्यांनी विचारलं. मी अभिमानानं म्हणाले, "नाही सर. मधे माणूसच नाही." भाऊसाहेब त्यांच्या टेबलावर जावक नोंदवहीत नंबर टाकत होते. ऑफिसातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक कागदाला त्या वहीतला एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक अजूनही तेच हातानं टाकत. त्यांनी पुढचा नंबर टाकला.

एक मात्र खरं की त्या स्क्रिप्टचा निर्विवाद फायदा झाला तो जिल्ह्याचं नाव बदललं तेव्हा. ऑफिसात जुन्या नावाचे लेटरहेड गठ्ठ्यानं पडले होते आणि एक शिपाई दोन दिवस पट्टी घेऊन एकेक नाव खोडत बसला होता. माझ्या नमुन्यात मी एका ठिकाणी 'अहिल्यानगर' टाईप केलं आणि विषय संपला. प्राचार्यांनी स्टाफ मीटिंगमध्ये माझं नाव घेतलं. त्यानंतर माझ्याकडे आणखी तीन कामं आली.

तर असे तीन-चार महिने गेले. प्राचार्य रोज दुपारी फोनवर बोलत बोलत सह्या करायचे. मी शेजारी उभी राहून पानं उलटायची. ते सहीपुरता कोपरा बघायचे, मी पान बघायची नाही, भाऊसाहेब फक्त नंबरापुरती जागा बघायचे. तिघांच्या हातून कागद जायचा आणि तिघांपैकी कुणीच तो वाचायचं नाही. मी याला यंत्रणा म्हणत होते.

एका सकाळी खिडकीशी एक गृहस्थ आले. साठीच्या आतले, पांढरा सदरा, डोक्यावर टोपी, हातात कापडी पिशवी. पिशवीतून त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटात घातलेला कागद काढला आणि खिडकीतून आत सरकवला.

"मॅडम, हे तुमीच दिलंय का?"

आमचाच दाखला होता. शिक्का होता, सही होती, जावक क्रमांक होता. मुलगी एसवायला, सायन्सला. मी म्हणाले, "हो, आमचाच आहे. काय झालं?"

"खालचं वाचा."

मी वाचलं. आमच्या नमुन्यात शेवटी एक ठरलेलं वाक्य आहे, की सदर दाखला अमुक कारणासाठी विद्यार्थ्याच्या विनंतीवरून देण्यात येत आहे. त्यात अमुकच्या जागी छापलं होतं, 'घरी माझे लग्न जमवत आहेत, माझे अजून दीड वर्ष बाकी आहे हे पाहुण्यांना कागदावर दाखवायचे आहे कारण तोंडी सांगून कोणी ऐकत नाही'.

मी त्यांना बसायला सांगितलं आणि कागद घेऊन भाऊसाहेबांच्या टेबलाकडे गेले. त्यांनी चष्मा वर करून तो वाचला, मग माझ्याकडे बघितलं आणि कपाटातली ऑफिस कॉपीची फाईल, जिच्यात आता ईमेलच्या प्रिंटऐवजी सही झालेल्या दाखल्याची प्रत लागायची, ती काढून माझ्यापुढे ठेवली. "बाकीचे पण बघून घ्या," ते म्हणाले.

मी पानं उलटायला लागले. एक दाखला 'बँकेतले साहेब दर वेळी नवीन कागद मागतात म्हणून' दिला होता. एक 'मामा म्हणतो मोबाईल पाहिजे तर आधी कॉलेजला जातोस याचा पुरावा आण' या कारणासाठी. एक 'माहीत नाही, सगळे काढत आहेत' या कारणासाठी. एका मुलानं कारणाच्या शेवटी हात जोडलेलं चित्र टाकलं होतं, ते प्रिंटवर रिकामा चौकोन होऊन आलं होतं. आणि एकानं लिहिलं होतं, 'मागच्या वेळी भाऊसाहेबांनी जे लिहिले होते तेच'. सगळ्यांवर प्राचार्यांची सही होती, ठसठशीत.

आता प्राचार्यांना सांगणं भाग होतं. त्यांनी कागद वाचला आणि त्यांचा पहिला प्रश्न होता, "ही सही माझी आहे का?" ती त्यांचीच होती. दुसरा प्रश्न, "हे कुणी लिहिलं?" मी सांगितलं की कुणीच नाही, ते आपोआप आलं. प्राचार्यांनी कागद उलटा करून मागची बाजूही बघितली. मग म्हणाले, "बोलवा त्यांना आत."

त्या गृहस्थांनी पायातलं बाहेर काढलं, आम्ही नको नको म्हणत असताना. खुर्चीच्या टोकावर बसले.

"काल पाव्हणे आल्ते," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "पोरगं बघायचं, पोरगी बघायची, चाललं हुतं. चहा झाला. तर माझ्या पोरीनं आतून येऊन हा कागद टेबलावर ठिवला. बोलली काई न्हाई. पोराचे चुलते रिटायर मास्तर हायेत. त्यांनी चष्मा लावून मोठ्यानं वाचला, शिक्क्यापासून सहीपर्यंत. सगळे गप."

"मग?" प्राचार्यांनी विचारलं.

"मास्तर म्हणले, कॉलेजचंच लेखी हाय, म्हंजे आता दीड वर्ष थांबलं पाहिजे. गेले उठून. रागानं न्हाई, साधे गेले." त्यांनी टेबलावरच्या कागदाकडे बोट केलं. "मी इचारायला आलोय, हे कॉलेजनं खरंच लिहिलंय का पोरीनं कुठून छापून आणलंय?"

प्राचार्यांपुढे दोनच रस्ते होते. एक म्हणजे आपण सही करताना वाचत नाही हे कबूल करायचं. त्यांनी दुसरा घेतला.

"कॉलेज जे लिहितं ते विचार करूनच लिहितं," ते म्हणाले.

दारात उभे असलेले भाऊसाहेब म्हणाले, "जावक नंबर आहे त्याला. वहीत नोंद आहे. दाखवू का?"

"नगं नगं. नंबर हाय म्हणल्यावर झालं." त्या गृहस्थांनी कागद परत प्लास्टिकमध्ये घातला. मला वाटलं आता ते भांडतील, निदान मुलीला घेऊन जातो म्हणतील. ते म्हणाले, "मग अजून एक कॉपी मिळंल का? माझा थोरला भाऊ हाय, कर्जतला ऱ्हातो. सोयरीक त्यानंच आणलीया. मी त्याला चार येळा म्हणलं, पोरीचं शिक्षान होऊ दे. तो बी तोंडी ऐकत न्हाई."

प्राचार्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बाहेर जाऊन दुसरी प्रत काढली. भाऊसाहेबांनी तिला नवा जावक क्रमांक दिला. प्राचार्यांनी फोन बाजूला ठेवला, पूर्ण कागद पहिल्या ओळीपासून वाचला, आणि सही केली. माझ्या नोकरीत मी त्यांना दाखला वाचताना पहिल्यांदा बघत होते. थोरल्या भावासाठी काही बदल करायचा का, असंही त्यांनी विचारलं. गृहस्थ म्हणाले, "न्हाई, हायेच तसं राहू द्या. बरोबर लिहिलंय."

ते गेल्यावर मी त्या मुलीला प्रयोगशाळेतून बोलावून घेतलं. सडपातळ, अंगावर ॲसिडच्या डागांचा ॲप्रन. मी विचारलं, "हे असं का लिहिलंस ग? दाखल्यावर छापून येईल हे माहीत होतं का?"

"नव्हतं, मॅडम. फॉर्ममध्ये सविस्तर लिहा असं होतं म्हणून लिहिलं." मग म्हणाली, "कागद हातात आल्यावर कळलं. मला वाटलं तुम्ही वाचून मुद्दाम तसाच ठेवलाय. मी तुम्हाला थँक्यू म्हणायला येणार होते, पण धाडस झालं नाही."

मला खरं सांगायचं होतं, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून मी फक्त "अभ्यास कर" म्हणाले. माझ्यात आणि प्राचार्यांत त्या दिवशी फारसा फरक उरला नाही.

दुसऱ्या दिवशी लेखी आदेश निघाला. कारणाच्या रकान्यात विद्यार्थ्यांनी काही लिहायचं नाही, ते भाऊसाहेब भरतील. प्रत्येक दाखला सहीपूर्वी मी वाचून 'तपासला' असं लिहून बारकी सही करायची. मी तपासलं हे नोंदवायला एक वेगळं रजिस्टर. स्क्रिप्ट अजून चालते, दोन मिनिटांत चाळीस दाखले भरून देते. मग ते माझ्याकडून हेडक्लार्कांकडे, हेडक्लार्कांकडून प्राचार्यांकडे जातात आणि मुलांना तिसऱ्या दिवशी मिळतात. समिती आली तेव्हा प्राचार्यांनी त्यांना फक्त दोन मिनिटांचा भाग दाखवला. समितीनं अहवालात कौतुक केलं.

भाऊसाहेब गेल्या वर्षी निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना विचारलं की एवढी वर्षं मुलांचं सगळं ऐकून 'शैक्षणिक कामासाठी' का लिहायचात. ते म्हणाले, "मॅडम, त्यांना कुणाला तरी सांगायचं असतं. कागदाला ते सगळं माहीत असायची गरज नसते." मग थोड्या वेळानं म्हणाले, "त्या एका पोरीचं मात्र मी चुकीचंच लिहिलं असतं."

त्या मुलीचं शेवटचं वर्ष पूर्ण झालं. जूनमध्ये ती कॉलेज सोडल्याचा दाखला न्यायला आली. पारनेरकडच्या एका दूध संघाच्या प्रयोगशाळेत तिला काम लागलं होतं, दुधाचे नमुने तपासायचं. वडील बरोबर आले होते, बाहेर बाकावर बसून ओळखीच्या कुणाशी तरी पावसाचं बोलत होते. लग्नाचं मी विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. तिनं वहीत सही केली, दाखला दोनदा वाचला, नावातल्या एका काना-मात्रेची चूक दाखवली. मी ती दुरुस्त करून नवी प्रत काढली. गाडीची वेळ झाली होती म्हणून ती कागदाची घडी न घालता तसाच हातात धरून वडिलांच्या मागे स्टँडकडे निघाली.